शिक्क्याला उलटतपासणी नसते

२०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून अनिवार्य करणारा शासन निर्णय काढला, जूनमध्ये त्यात ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द घालून तो थोडा सैल केला, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे जाहीर केले. या अडीच महिन्यांत महाराष्ट्रात जे बोलले गेले, त्यात शिक्षणाविषयीचे फार थोडे होते. सहा वर्षांच्या मुलावर एकाच वेळी किती भाषांचा भार टाकावा? हिंदी-मराठीची लिपी एकच असल्याने शिकणे सोपे होते की दोन्हींचे लेखन बिघडते? वर्गातल्या किमान वीस मुलांनी मागितली तरच हिंदीऐवजी दुसरी भाषा मिळेल, ही अट जिथे अख्ख्या शाळेचा पटच वीसच्या आत आहे अशा हजारो शाळांत पर्याय देते की पर्यायाचा नुसता देखावा करते? हे प्रश्न शिक्षक आणि भाषेचे अभ्यासक विचारत होते, पण चढ्या आवाजातली चर्चा भलतीकडेच चालली होती. हिंदीला हरकत नसलेला पालक ‘महाराष्ट्रद्रोही’ ठरत होता आणि हरकत घेणारा शिक्षक ‘फुटीरतावादी’. दोघांपैकी कोणालाही ‘तुझे कारण काय?’ असे विचारण्याची गरज कोणाला वाटत नव्हती.

माझे मत आधीच सांगून टाकतो. पहिलीपासून तिसरी भाषा नको या बाजूचा मी आहे, आणि म्हणूनच माझ्या बाजूने वापरलेला ‘महाराष्ट्रद्रोही’ हा शब्द मला अधिक खटकतो. आपल्याशी असहमत असलेल्या माणसावर असा शिक्का मारला की त्याचे म्हणणे खोडून काढण्याची जबाबदारी आपल्यावरून उतरते. ती उतरली की हळूहळू तो माणूस म्हणून दिसेनासा होतो. एका टोळीचा, एका जातकुळीचा नमुना तेवढा उरतो. नमुन्याला कारणे नसतात, फक्त लक्षणे असतात. शिक्का असभ्य असतो ही तक्रार दुय्यम आहे. खरी तक्रार अशी की तो पुरावा आणि सुनावणी यांच्याशिवाय निकाल देतो, आणि त्या निकालावर अपील नसते.

प्रत्येक नाव हा शिक्का असतो, असे मी म्हणत नाही. नाव आणि शिक्का यांत फरक करायला एक कसोटी पुरते: ज्याला तो शब्द लावला, त्याला काही करून, काही बोलून, काही सिद्ध करून त्यातून बाहेर पडता येते का? ‘तुमचे हे विधान खोटे आहे’ या आरोपाला उत्तर देता येते. ‘हे धोरण आदिवासी मुलांवर अन्याय करते’ या आरोपालाही देता येते. आकडे मांडता येतात, अनुभव सांगता येतो, प्रसंगी धोरण बदलता येते. पण ‘अंधभक्त’ ठरलेल्याने सरकारच्या एखाद्या निर्णयावर टीका केली तर ते ‘नाटक’ असते, आणि ‘अर्बन नक्षल’ ठरलेल्याने हिंसेचा निषेध केला तर तो ‘मुखवटा’ असतो. मौन हा कबुलीजबाब आणि प्रतिवाद हा कांगावा! ज्या आरोपाचा पुरावा आणि ज्याचे खंडन हे दोन्ही आरोपाच्याच खात्यात जमा होतात, त्याला आरोप म्हणणेही चुकीचे आहे.

ही गोष्ट सर्वांत नेमकी सांगितली ती, विचित्र म्हणजे, निकिता ख्रुश्चेव्हने. २५ फेब्रुवारी १९५६ रोजी सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या विसाव्या महाधिवेशनात, बंद दाराआड केलेल्या भाषणात तो म्हणाला की ‘जनतेचा शत्रू’ ही संज्ञा स्तालिनने आणली आणि त्या एका संज्ञेमुळे वाद घालणाऱ्या माणसाची वैचारिक चूक सिद्ध करण्याची गरजच संपली. हे सांगणारा माणूस स्वतः त्या काळात त्याच यंत्रणेत वर चढलेला होता. तेव्हा त्याच्या शहाणपणाचे फार कौतुक करण्याचे कारण नाही. पण यंत्र आतून कसे चालते हे ते चालवणाऱ्यालाच ठाऊक असते. १९३७ च्या जुलै महिन्यात निघालेल्या गुप्त हुकुमात कोणत्या प्रांतात किती जणांना गोळ्या घालायच्या आणि किती जणांना छावण्यांत पाठवायचे, याचे आकडे माणसे पकडण्याच्या आधीच ठरवून दिलेले होते. आधी आकडा आणि मग माणूस, हा उलटा क्रम शक्य होतो तो शिक्क्यामुळेच. प्रत्येकाचे म्हणणे ऐकायचे ठरवले असते तर असा आकडा आधी ठरवता आलाच नसता.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ, आणि तेही ज्याची गोष्ट आपण फारच सोपी करून सांगतो ते. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचे संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधासाठीचे किमान वय, दहावरून बारा वर्षांवर गेले. आगरकर सुधारक म्हणून कायद्याच्या बाजूने आणि टिळक सनातनी म्हणून विरोधात, अशी मांडणी शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेली असते. टिळकांचा विरोध खरा होता, त्यांची भाषा पुष्कळदा विखारी होती, आणि मुलींच्या शिक्षणाबाबतची त्यांची मते आज वाचवत नाहीत. पण याच टिळकांनी १८९० मध्ये सुधारकांपुढे काही अटी ठेवल्या होत्या: ज्यांना सुधारणा हवी आहे त्यांनी स्वतःपुरता नियम करावा की मुलीचे लग्न सोळा वर्षांच्या आत करणार नाही, मुलाचे वीसच्या आत करणार नाही, हुंडा घेणार-देणार नाही, विधवांचे केशवपन होऊ देणार नाही. कायदा बारा वर्षे म्हणत होता आणि ‘सनातनी’ सोळा! हा डावपेच होता असे कोणी म्हटले तर मी ते हसण्यावारी नेणार नाही. त्यात डावपेच असेलही. पण वादाचा खरा मुद्दा यातूनच उघडा पडतो. परक्या सरकारने कायद्याने समाज बदलावा की समाजाने स्वतः बदलावे, आणि समाज बदलण्याची वाट पाहता पाहता ज्या मुली मरतात त्यांचे काय, असा तो मुद्दा होता. या दुसऱ्या प्रश्नाला टिळकांकडे समाधानकारक उत्तर नव्हते असे माझे मत आहे. पण ते मत मला टिळकांचा युक्तिवाद वाचूनच बनवता येते. ‘सनातनी’ एवढाच शब्द हाती असता तर आगरकर बरोबर होते हे मी सांगू शकलो असतो, का बरोबर होते हे सांगता आले नसते.

त्याच पुण्यात सनातन्यांनी आगरकरांची ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली. मेलेल्या माणसाला प्रत्युत्तर द्यावे लागत नाही, हे त्या मिरवणुकीचे सगळे तर्कशास्त्र.

पण त्या काळाविषयी आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्याला अडचणीत आणणारी आहे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आणि इतर प्रतिष्ठित मंडळी गेली आणि तिथे चहा-बिस्किटे समोर आली. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे छापली, गहजब झाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली. काशीत आपण प्रायश्चित्त घेतल्याचे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल स्वतःच्याच सुधारक मित्रांची बोलणी खाल्ली. ख्रिस्ती घरचा चहा प्यायल्याबद्दल प्रायश्चित्त ही गोष्टच अन्यायाची होती, याबद्दल वाद नाही. पण त्या अन्यायी व्यवस्थेतसुद्धा चौकशी होती, बाजू मांडायला जागा होती आणि परत येण्याची वाट होती. जातपंचायतही वाळीत टाकलेल्याकडून दंड घेऊन त्याला पंगतीला बसवत असे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण आज आपण शब्दांनी जे बहिष्कार टाकतो त्यांत दंड भरून सुटण्याचीही सोय नाही. ‘संघी’, ‘फुरोगामी’, ‘चमचा’ हे शब्द एकदा लागले की त्यांचे प्रायश्चित्त कुठे घ्यायचे?

विरोधी बाजूचे मुद्दे मला ठाऊक आहेत आणि त्यांतले दोन तरी मला हलके वाटत नाहीत. पहिला मुद्दा असा की नावांशिवाय राजकारण करता येत नाही. जहाल-मवाळ, डावे-उजवे, ब्राह्मणेतर, समाजवादी ही सगळी नावेच आहेत. त्यांच्याविना इतिहासाचे एक पानही लिहिता येणार नाही. हे मान्यच आहे. पण ‘मवाळ’ म्हटल्याने गोखल्यांचे म्हणणे काय होते हे ऐकण्याची दारे बंद होत नव्हती. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेसच्या मंडपात जोडा फेकला गेला, खुर्च्या उडाल्या, पक्ष फुटला. तरीही सनदशीर मार्गाने काय मिळेल आणि काय मिळणार नाही, यावरचा वाद त्यानंतरही मुद्द्यांनीच चालू राहिला. नाव भूमिका सांगते आणि भूमिका बदलता येते. मवाळाला जहाल होता येत होते. ‘द्रोही’ म्हटलेल्याला काय होता येते?

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. तो असा: सभ्य भाषेचा आग्रह नेहमी वरच्यांना परवडतो. ज्याच्यावर शतकानुशतके अन्याय झाला, त्याच्याकडे सत्ता नसते, पैसा नसतो, धारदार शब्द तेवढा असतो. तोही काढून घेतला तर त्याने लढायचे कशाने? फुल्यांनी मवाळ भाषा वापरली असती तर कोणी कान दिला असता का? अन्यायाला अन्याय आणि जातीयवादाला जातीयवाद म्हणायचे नाही, असा माझा लेख सुचवत असेल तर तो फाडून टाकावा. पण धारदार भाषा आणि शिक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे दाखवण्यासाठी आपल्याकडे बाबासाहेबांइतका मोठा साक्षीदार दुसरा नाही. १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहाला ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांनी पाठिंबा देऊ केला तो एका अटीवर: सत्याग्रहात एकही ब्राह्मण असता कामा नये. त्या वेळी पाठिंब्याची किती गरज होती हे वेगळे सांगायला नको. आंबेडकरांनी ती अट नाकारली. आपले वैर ब्राह्मण जातीत जन्मलेल्या माणसांशी नसून ब्राह्मण्याने ग्रासलेल्यांशी आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, जे जन्माने ब्राह्मण होते. पुढे १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांपुढे बोलताना आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, आणि लगोलग हेही स्पष्ट केले की ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण समाजाची सत्ता असे आपल्याला म्हणायचे नाही. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा नकार असा अर्थ अभिप्रेत आहे, आणि तो नकार कोणत्याही जातीत आढळतो.

याहून कठोर टीका क्वचितच कोणी केली असेल, आणि तरी तिच्यात सहस्रबुद्ध्यांना जागा होती. टीका विचारावर होती म्हणून तो विचार सोडून कोणालाही या बाजूला येता येत होते. आणि ज्याच्या जातीने तो विचार कधी निर्माण केला नाही, त्यालाही तो बाळगल्याबद्दल धरता येत होते. शिक्का या दोन्ही गोष्टी करू शकत नाही. तो आपल्यातल्या गुन्हेगाराला झाकतो आणि त्यांच्यातल्या मित्राला हाकलून देतो. शोषितांच्या चळवळीला हा महागडा सौदा कोणी सुचवत असेल, तर त्याने आधी महाडचा इतिहास नीट वाचावा.

तिसरा आक्षेप मात्र मला तितका पटत नाही, जरी तो फार ऐकू येतो. ‘शब्दांनी कोणी मरत नाही, उगाच दोन-चार टोमण्यांवरून रवांडा आणि जर्मनीपर्यंत उड्या मारू नका.’ यातला अर्धा भाग खरा आहे. बहुतेक शिक्के कोणाचा जीव घेत नाहीत, आणि प्रत्येक राजकीय भांडणात वंशसंहाराची उपमा देणे हाही विचार टाळण्याचाच एक प्रकार आहे. रवांडाला जाण्याचे कारणही नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर पुरेसे आहेत. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला, खुन्याचे आडनाव कळले, आणि पुढच्या काही दिवसांत दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे, वाडे, दुकाने जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. या उद्रेकात जमिनी आणि सावकारीवरून साठलेला राग मिसळलेला होता, आणि तो सगळाच निराधार होता असेही नाही. पण घर जाळण्याआधी त्या घरात राहणारा गांधींना मानत होता की गोडसेला, हे कोणी विचारले का? विनोबा, साने गुरुजी आणि काकासाहेब कालेलकर ज्या समाजात जन्मले त्याच समाजातली ही घरे होती. त्यांत चरखा असलेलीही असणारच. ज्यांनी काडी लावली ते जन्मजात क्रूर होते असे मी मानत नाही. एका शब्दाने चौकशीचे काम आधीच उरकून टाकले होते, आणि मग साधी माणसेही ते करू शकली.

हे १९४८ चे पान पुरोगामी म्हणवणाऱ्यांना काढायला आवडत नाही, आणि दाभोलकर-पानसरेंचे पान दुसऱ्या बाजूला. दोन्ही पाने एकाच वहीतली आहेत. दाभोलकर अंधश्रद्धेविरुद्धच्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे शांतपणे मसुदे दुरुस्त करत होते. भक्ती, वारी, कीर्तन यांना कायदा हात लावत नाही हे पुन्हा पुन्हा समजावत होते. पण ‘धर्मद्रोही’ हा शब्द ज्यांनी घट्ट धरला होता, त्यांच्या लेखी मसुद्यातल्या कलमांना अर्थ नव्हता. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यातल्या पुलावर दाभोलकरांचा खून झाला. गोळी शब्दाने सुटत नाही हे मलाही कळते; पण सुटल्यानंतर ‘तसेच हवे होते’ असे जे पुटपुटले जाते, त्याची तयारी शब्दांनी केलेली असते. आणि हिंदीच्या वादातच मीरा रोडला एका दुकानदाराला मराठीच्या सक्तीबद्दल प्रश्न विचारल्यावरून थोबाडीत बसल्या. पहिलीच्या अभ्यासक्रमाबद्दल त्याचे मत काय होते? ते कोणाला ठाऊक नाही, कारण तो तोवर माणूस उरला नव्हता, ‘ते’ झाला होता. मराठीची बाजू भक्कम असताना तिचा युक्तिवाद थोबाडीत मारून करावा लागतो, हा मला तरी मराठीचा पराभव वाटला.

राज्यसंस्थेच्या हाती शिक्का गेला की काय होते, हे महाराष्ट्रात पारधी, कैकाडी, टकारी या समाजांना कोणी सांगायची गरज नाही. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. हजेरी, परवाना, पुढे तारेच्या कुंपणातली वसाहत. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण पोलीस ठाण्यातली सवय अजूनही पुरती गेलेली नाही. मतभेदांना शिक्के लावणारे आज त्या कायद्याचा निषेधच करतील, यात शंका नाही. परंतु राजकारण्यांच्या भाषणातला शब्द सरकारी कागदावर यायला फार वेळ लागत नाही. ‘टुकडे टुकडे गँग’ हा शब्द घ्या. २०२० च्या जानेवारीत माहिती अधिकारातल्या अर्जाला उत्तर देताना खुद्द केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा गँगबद्दल आपल्याकडे माहिती नसल्याचे कळवले. या उत्तराने तो शब्द थांबला का? शिक्का पुराव्यावर उभा नसतो, म्हणून पुराव्याच्या अभावी तो पडतही नाही.

शेवटी एक शंका उरते आणि ती थट्टेने उडवण्यासारखी नाही. काही मतभेद मुळातच न मिटणारे असतात. समोरच्याला कितीही ऐकले तरी आपण त्याला आणि तो आपल्याला पटणार नाही. मग या ऐकण्याचा उपयोग काय? आणीबाणीत ज्यांना सरकारने सरसकट ‘फॅसिस्ट’ म्हणून आत टाकले, त्यांत संघाचे सरसंघचालक बाळासाहेब देवरस येरवड्याच्या तुरुंगात होते, आणि त्याच तुरुंगात समाजवादीही होते. एकमेकांना वर्षानुवर्षे नावे ठेवणारी ही माणसे तिथे शेजारी शेजारी राहिली, बोलली, वाद घालत राहिली. मतभेद मिटले नाहीत. उलट १९७९ मध्ये जनता पक्षातल्या समाजवाद्यांनी दुहेरी सदस्यत्वाचा प्रश्न लावून धरला: जनता पक्षात राहून संघाशी बांधिलकी ठेवता येईल का? हा प्रश्न पाठीमागे कुजबुजलेला नव्हता, तोंडावर विचारलेला होता आणि त्याला होय किंवा नाही असे उत्तर देता येत होते. पूर्वाश्रमीच्या जनसंघीयांनी उत्तर दिले: संघ सोडणार नाही. सरकार कोसळले, आणि एप्रिल १९८० मध्ये ते वेगळे होऊन त्यांनी भारतीय जनता पक्ष काढला. कोणी कोणाला पटले नाही; पण कोण कशासाठी वेगळा झाला हे देशातल्या साध्या मतदारालाही त्या वेळी नेमके सांगता येत होते.